बाबांची पद्मिनी: एकसंध शाफ्ट की दोन तुकड्यांचा?

फोंड्याजवळ फर्मागुडीच्या चढावर पुढची बस थांबली म्हणून मीही थांबले. पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि पायाखाली कुणी रिकामं पिंप गडगडत न्यावं तशी घरघर झाली. शेजारी आई होती. तिनं दाराची मूठ घट्ट धरली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांच्या हातात असताना असं कधी झालं नव्हतं."

ही गोष्ट फेब्रुवारीतली. त्यानंतर पाच महिन्यांत आमच्या गाडीखाली दोन निरनिराळे शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळ्या) बसले आणि दोन वर्कशॉपांचा अनुभव घेऊन झाला. तो इथं सविस्तर लिहिते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्या जिव्हाळ्यानं सांभाळणारी माणसं गोव्यात अजून आहेत, आणि "सेंटर बेअरिंगची कटकट कशाला, सिंगल पीस करून टाका" हा सल्ला त्यांना कधी ना कधी मिळतोच.

गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी. १,०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. बाबांनी नवी घेतली, त्यांच्यानंतर मी चालवते. मी फोंडा भागात उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. गाडी शोभेची नाही. बाजार, बँक, देवदर्शन, वर्षातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगाव, एवढं सगळं तीच करते.

पद्मिनीचा प्रोपेलर शाफ्ट मुळातच दोन तुकड्यांचा. पुढचा तुकडा गिअरबॉक्सपासून गाडीच्या मध्यापर्यंत येतो. तिथं एक बेअरिंग, म्हणजे सेंटर बेअरिंग, रबराच्या जाड कड्यात बसवलेलं असतं आणि ते कडं तळाच्या पत्र्याला बोल्टनं आवळलेलं असतं. तिथून मागचा तुकडा क्रॉसनं (कोनात वाकूनही फिरू देणाऱ्या सांध्यानं) जोडलेला, तो डिफरेन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना फेरे वाटून देणाऱ्या पेटीपर्यंत) जातो. मागचा आख्खा अॅक्सल पाट्यांवर (पोलादी पानांच्या स्प्रिंगांवर) खालीवर होतो, त्याच्याबरोबर हा मागचा तुकडाच काय तो हलतो. पुढचा जागच्या जागी फिरत राहतो. ते रबर वर्षानुवर्षं तेल, उष्णता आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात झिजतं, भेगाळतं. मग थांबलेली गाडी निघताना शाफ्टचा मध्य उसळतो आणि ती घरघर ऐकू येते. क्रॉस गेला असेल तर आवाज वेगळा: रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना एकच 'टक्'. माझ्या गाडीत दोन्ही होतं.

पहिल्या गॅरेजनं आधी इंजिनाचं माउंटिंग बदललं. मग चाकांचं बॅलन्सिंग केलं. दोन्हीचा उपयोग झाला नाही. ताशी साठच्या पुढं आरसा थरथरायचा आणि ती थरथर चाकाची नव्हे हे मला बसल्या जागी कळत होतं. चाक ताशी ऐंशीला सेकंदाला बारा फेरे घेतं, त्याचा दोष ठोक्यासारखा जाणवतो. शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला पन्नासच्या वर फिरतो, त्याचा दोष तळव्यांना मुंग्या आल्यासारखा. शिवाय उतारावर न्यूट्रल करून पाहिलं, इंजिन शांत झालं तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचाही संबंध नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडी खालून पाहिली. सेंटर बेअरिंगचं रबर बोटानं दाबलं तर तुकडा हातात आला. "टीचर, हे आता मिळत नाही. एका नळीचा शाफ्ट करून देतो, ही भानगडच राहणार नाही."

मिळत नाही हे अगदी खोटं नव्हतं. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या दुकानांतून बाबा पोस्टकार्ड टाकून सुटे भाग मागवायचे. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत एकही काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे उरली नाही, आणि तेच दुकानदार आता फोनवर "बघून सांगतो" म्हणतात. मी होकार दिला. एकच अट घातली: जुना शाफ्ट सगळ्या नट-बोल्टांसह मला परत हवा. तो त्यांनी गोणपाटात गुंडाळून दिला. या सगळ्यात माझ्या हातून झालेली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट हीच.

नवा एकसंध शाफ्ट ११,००० रुपयांना पडला. पन्नास मिलिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीची नळी, दोन्ही टोकांना क्रॉस, पुढे दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा सरकता योक (क्रॉसला धरणारं दुबेळकं टोक). शेजाऱ्यांकडे काजूचा वजनकाटा होता, त्यावर दोन्ही तोलून पाहिले. जुना ९ किलो ४०० ग्रॅम, नवा ७ किलो १०० ग्रॅम. आणि खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस मी खूष होते. चढावरची घरघर गेली. क्लच सोडला की गाडी मऊ निघायची. मध्ये रबरच नाही म्हटल्यावर उसळणार काय? एकसंध शाफ्टचा हा गुण खराच आहे, तो मी नाकारत नाही. बेअरिंग नाही, रबर नाही, वजन कमी, पुढची देखभाल म्हणजे नुसतं ग्रीस.

नवव्या दिवशी फोंडा-पणजी रस्त्यावर मोकळ्या पट्ट्यात ऐंशी गाठली आणि तळ गुणगुणायला लागला. पंच्याऐंशीला मागच्या सीटवरची पिशवी थरथरत घसरली.

घरी येऊन वही काढली. टायरवर खडूची खूण करून अंगणात गाडी ढकलली: चाकाचा एक फेरा म्हणजे १.८६ मीटर. मग मागचं एक चाक जॅकवर घेतलं, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रलला. डिफरेन्शियलच्या गुणामुळं असं एकच चाक दोनदा फिरवलं म्हणजे दोन्ही चाकं एकदा फिरवल्यासारखं होतं. शाफ्ट तेवढ्यात सव्वाचारहून जरा जास्त फिरला, ४.३ धरा. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. म्हणजे ताशी ऐंशीला मिनिटाला साधारण ३,१०० फेरे.

आता नळी. कुठलीही लांब नळी दोन टोकांवर टेकवून फिरवली की एका ठरावीक वेगाला ती मधोमध धनुष्यासारखी फाकते, दोरीवरच्या उड्यांची दोरी फिरते तशी. हा वेग नळीच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी निम्मी केली तर तो चौपट होतो, आणि व्यास वाढवला की वाढतो. माझी नवी नळी क्रॉसपासून क्रॉसपर्यंत १ मीटर ३० सेंटीमीटर. पोलादाचे आकडे घालून उत्तर आलं मिनिटाला सुमारे ४,८००. हे कागदावरचं, टोकांचे आधार जागचे अजिबात हलत नाहीत असं मानून. प्रत्यक्षात बेअरिंगं, योक, पाट्या सगळं थोडंथोडं हलतं, म्हणून जाणकार त्याच्या पाऊण भागाच्या वर जात नाहीत. पाऊण भाग म्हणजे ३,६००. माझ्या गाडीत तो ताशी पंचाण्णवच्या आतच येतो. त्याच नळीचे दोन तुकडे केले असते तर हीच मर्यादा चौपट वर गेली असती, जिथं पद्मिनी कधी पोचणारच नाही.

कारखान्यानं शाफ्टचे दोन तुकडे का केले होते, ते इतकी वर्षं गाडी चालवून मला तेव्हा कळलं. वर्गात असलंच गणित मी तारेच्या आणि पट्टीच्या कंपनांसाठी किती वेळा सोडवलं असेल!

दुसरी अडचण गणिताशिवायच समोर आली. नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला निघालो. आई, मावशी, भाऊ-वहिनी आणि मी, मागे डिकीत जेवणाचे डबे. आमोण्याचा पूल उतरून पुढच्या गतिरोधकावर खालून धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला. नंतर प्रत्येक गतिरोधकावर. मी वीसच्या वर गेलेच नाही, आणि दर्शनात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कणकेचे लाडवाएवढे गोळे करून शाफ्टच्या वरच्या पत्र्याला, म्हणजे टनेलला आतून ठिकठिकाणी चिकटवले. भावाला आणि त्याच्या तीन मित्रांना बसवून गाडी गल्लीतल्या दोन गतिरोधकांवरून नेली. परत येऊन पाहिलं तर मधला गोळा पत्र्याइतका सपाट, आणि त्यावर नळीचा चकचकीत ठसा. कारण सोपं आहे. अॅक्सल आठ सेंटीमीटर वर गेला की एकसंध शाफ्टचा मध्य चार सेंटीमीटर वर जातो. पद्मिनीचा टनेल बुटका. तो ज्या शाफ्टसाठी दाबून घडवला, त्याचा मध्य बेअरिंगनं धरून ठेवलेला होता आणि जागचा हलत नव्हता. जास्त व्यासाची नळी घालून पहिला प्रश्न सोडवायला जावं, तर हा दुसरा आणखी वाढतो. दोन्ही बाजूंनी वाट बंद.

गॅरेजवाले म्हणाले, मागच्या पाट्यांत एक पान वाढवा, गाडी उंच होईल. मी नको म्हटलं. गाडी उंचावली की डिफरेन्शियलचा कोन बदलतो, आणि क्रॉसांचे कोन पुढे-मागे सारखे नसतील तर थरथरीचं तिसरं कारण तयार होतं. क्रॉस कोनात फिरला की त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे पळतो, दोनदा किंचित मागे राहतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढाच उलटा कोन करून हा हिशेब फेडतो. कोन बिघडले की तो फिटत नाही.

उसगाव-तिस्क भागात ट्रकांचे शाफ्ट करणारं एक वर्कशॉप आहे, असं मला आमच्या शाळेच्या बसच्या चालकांनी सांगितलं. नाव इथं देत नाही, मालकांनी तसं सांगितलंय. त्यांच्याकडे दोनच कामगार आहेत आणि आहे तेवढंच काम पुरे म्हणतात. पण त्या रस्त्यावर कुठल्याही ट्रकवाल्याला 'शाफ्ट बॅलन्सिंग' विचारलंत तर तो हात करून दाखवील. खनिजाच्या ट्रकांवर उभं राहिलेलं वर्कशॉप. २०१२मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मागची अर्धी शेड त्यांनी सोडली, २०१८मध्ये पुन्हा बंद झाल्या तेव्हा लेथ विकला, पण बॅलन्सिंगचं मशीन राखलं. ते मशीन पाहून मला बरं वाटलं. जुनं आहे, पण त्यावर धुळीचा कण नाही.

मालकांचा पहिला प्रश्न होता, "टीचर, जुना शाफ्ट टाकला नाही ना तुम्ही?"

गोणपाट सोडून दाखवला. त्यांनी लगेच जुन्याचं कौतुक आणि नव्याची निंदा केली नाही, याचं मला फार वाटलं. उलट म्हणाले, आधी नवाच मशीनवर चढवू, त्याचा दोष किती आणि जागेचा दोष किती ते तरी कळेल. चढवला. नळी एका टोकाला वाकडी वेल्ड झालेली, आणि बॅलन्सिंग झालेलंच नव्हतं. त्यांनी पत्र्याचे दोन छोटे तुकडे वेल्ड करून तो बॅलन्स केला, गाडीला बसवला आणि स्वतः शेजारी बसून माझ्याकडून चालवून घेतली. ऐंशीच्या आसपासची गुणगुण जवळजवळ संपली. नव्वदला ती परत आली, तीच. बॅलन्सिंगनं नळीचं एकांगी वजन जातं. नळीची स्वतःची ताठरता वाढत नाही. या एका फेरीचे त्यांनी ८०० रुपये घेतले आणि माझ्या वहीतलं गणित रस्त्यावर तपासून मिळालं.

मग जुन्याचं काम. हा भाग मी स्टुलावर बसून पाहिला.

खोलण्याआधी त्यांनी सरकत्या दात्यांच्या (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या जोडाच्या) दोन्ही बाजूंना पंचनं खूण केली. आणि तिथंच थांबले. माझ्या शाफ्टवर आधीच एक जुनी खूण होती, आणि ती जुळत नव्हती. कधीतरी कुणीतरी शाफ्ट उघडून एक दाता चुकवून बसवला होता. त्यामुळं मागच्या तुकड्याचे दोन्ही योक एका रेषेत नव्हते, म्हणजे वर सांगितलेला हिशेब कित्येक वर्षं फिटतच नव्हता. आई म्हणते ते बाबांच्या वेळचं गुळगुळीत चालणं नेमकं कधी संपलं, हे मला आता सांगता येणार नाही.

दोन्ही क्रॉस काढले. एकाच्या टोकावरच्या कपातल्या बेअरिंगच्या सुया गंजून पीठ झालेल्या. डायल गेज लावून दोन्ही नळ्या फिरवल्या: पुढची सरळ, मागची मध्यावर जवळजवळ एक मिलिमीटर वाकडी. ती प्रेसवर हळूहळू सरळ केली, दर वेळी गेज लावून, पाऊण तास. नवे क्रॉस ग्रीस निप्पलवाले घ्यायचा आग्रह मी धरला, त्यांनी तो मानला. सर्क्लिपा (कप जागी धरणाऱ्या कड्या) बसवताना क्रॉस हातानं सैल फिरतो का, कुठं अडतो का, हे त्यांनी प्रत्येक दिशेनं पाहिलं. एका कपाला हातोडीची एक हलकी टिचकी मारली आणि अडकलेला क्रॉस मोकळा झाला.

सेंटर बेअरिंगचं रबर कुर्ल्याहून आलं, रात्रीच्या बसच्या पार्सलनं. कारखान्याचं नाही, नंतर कुणी बनवलेलं. भोक अर्धा मिलिमीटर मोठं होतं, त्यासाठी त्यांनी पातळ कडं करून घेतलं. संपूर्ण शाफ्ट जोडून, मधलं बेअरिंग स्टँडवर धरून, मशीनवर बॅलन्स केला. दोन तुकडे वेगवेगळे बॅलन्स करून नंतर जोडणारे असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते: जोडूनच व्हायला हवा. शेवटी गाडीला लावताना बेअरिंगच्या पायाखाली वायसर (वॉशर) घालून उंची जमवली. अँगल गेजनं कोन मोजायचा, वायसर घालायचं, पुन्हा मोजायचं. तीन वायसरांवर काम झालं.

खर्च असा: दोन क्रॉस १,५००, रबर आणि बेअरिंग पार्सलसह २,४००, सरळ करणं, बॅलन्सिंग आणि बसवणं ३,६००. एकूण ७,५०० रुपये. पहिल्या एकसंध शाफ्टहून साडेतीन हजारांनी कमी.

तक्रारीही आहेत. तीन दिवस सांगून अकरा दिवस लागले, आणि मधल्या दिवसांत फोन उचलला नाही. मला तिस्कापर्यंत दोनदा बसनं जावं लागलं. बिल मागितल्याशिवाय मिळालं नाही. शाफ्टला रंग दिला नव्हता. आपल्या हवेत उघडं लोखंड एका पावसाळ्यात लाल होतं, म्हणून रेड ऑक्साइडचा हात मी घरी मारला. रबर किती वर्षं टिकेल हे पाहायचंय. दर सर्व्हिसला मी खाली वाकून बोटानं दाबून बघते.

गाडी त्यानंतर १,४०० किलोमीटर चालली, त्यात चोर्ल्यातून बेळगावची एक फेरी, ऐन जुलैत. पाच माणसं बसवून कणकेचे गोळे पुन्हा लावले. मधले जसेच्या तसे, फक्त अगदी मागचा किंचित दबला. नव्वदला आरशात मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतो. फर्मागुडीच्या चढावर मी आईला घेऊन मुद्दाम थांबले, गाडी पुन्हा काढली. ती काही बोलली नाही, मूठही धरली नाही.

एकसंध शाफ्ट वाईट असं माझं म्हणणं नाही. अॅम्बॅसेडरला तो मुळातच एकसंध असतो. तिची नळी आणि तिचा टनेल त्याच मापानं घडलेले आहेत, तिथं उगाच दोन तुकडे करायचं कारण नाही. जीपमध्येही ट्रान्सफर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीपासून) अॅक्सलपर्यंत अंतर थोडं, एक नळी पुरते. उलट जुन्या मर्सिडीज डब्ल्यू १२३चा शाफ्ट दोन तुकड्यांचा, पुढे-मागे रबरी चकत्या असलेला. त्यात डिफरेन्शियल गाडीच्या अंगालाच धरलेलं असल्यानं टनेलला आपटण्याची भीती नाही, पण त्या चकत्या काढून एकसंध नळी घातलीत तर ज्या शांतपणासाठी ती गाडी घेतात तोच जाईल. ज्यांची गाडी मुळात दोन तुकड्यांची आहे त्यांनी एकसंधाचा विचार करण्याआधी तीन मापं घ्यावीत: क्रॉस ते क्रॉस लांबी, आपल्या नेहमीच्या वेगाला शाफ्टचे फेरे, आणि भरल्या गाडीत टनेलखालची जागा. तिसऱ्यासाठी कणीक पुरते.

त्या वर्कशॉपला जायचं तर शाफ्ट सोडवून नेऊ नका, गाडीच घेऊन जा. कोन गाडीखालीच मोजावे लागतात. दुपारी एक ते तीन बंद असतं, रविवारी पूर्ण बंद. पैसे रोख न्या. आणि आधीच्या मेस्त्रीकडून जुने भाग परत आणले असतील तर तेही बरोबर घ्या, ते सगळ्यांत आधी तेच मागतात.